हात केल्यावर थांबते का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. अण्णांना घेऊन गावाहून साताऱ्याला परत येत होते. मेढा मागे पडलं, कण्हेरच्या पाण्याकडेनं रस्ता वळायला लागला आणि पावसानं एकदम जोर धरला. वायपर पार शेवटच्या खटक्यावर टाकला तरी काच धुतल्यासारखी होईना. गाडीत ओल्या मातीचा आणि गावठी काकड्यांचा वास कोंडलेला, कारण काकड्यांची पिशवी अण्णांनी मागे ठेवू दिली नव्हती, मांडीवरच घेतली होती. सात वाजून गेले असतील. समोरच्या उजेडात कडेला एक माणूस दिसला. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, आणि वर केलेला हात. एका पायावर भार टाकून उभा असल्यासारखा वाटला, पण ते मला नंतर आठवलं. त्या क्षणी एवढंच मनात आलं, की अंधार आहे, अनोळखी आहे, गाडीत म्हातारा माणूस आहे. पाय ब्रेककडे गेला होता, तो मी उचलला. खोळीवरचं पाणी क्षणभर चमकलं आणि माणूस मागे गेला.

अण्णा म्हणाले, "हात केला व्हता त्यानं."

मी म्हटलं, "अंधार होता अण्णा." त्यांनी मान हलवली आणि पोवई नाका येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मी काकड्या धुऊन ठेवल्या, चहा टाकला, आणि तेवढ्यात माझ्या मुलानं पाठवलेला व्हिडिओ मोबाइलवर आला. तो ॲरिझोनात टेंपीला शिकतो. तिथं रस्त्यावर विनाचालक टॅक्स्या फिरतात आणि तो पहिल्यांदाच त्यातल्या एकीत बसला होता. ड्रायव्हरची सीट रिकामी. स्टीअरिंग आपलं आपण डावीकडे वळतंय, सरळ होतंय, पुन्हा वळतंय. बाहेर कोरडं ऊन, रुंद रस्ता, आणि गाडीत मुलाचा दबलेला आनंदी आवाज. अण्णांनी फोन नाकाजवळ धरून तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मला वाटलं, विचारतील की केवढ्याची गाडी, पेट्रोलवर की बॅटरीवर. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि विचारलं, "हात केल्यावर थांबतीया का ही?"

मुलाला मी तोच प्रश्न जसाच्या तसा पाठवला. त्याचं उत्तर आलं, की नाही, रस्त्यावर हात करून ती मिळत नाही, मोबाइलवरून बोलवावी लागते. अण्णांनी "बरं" म्हटलं. पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

अण्णांनी पंचवीस वर्षं वडाप चालवलं. सातारा ते मेढा, कधी पुढं केळघरपर्यंत. आधी जुनी जीप, मग ट्रॅक्स. नऊ माणसांच्या गाडीत पंधरा शिटं, टपावर कणगी, सायकल, नव्या नवरीची ट्रंक, आणि मागच्या फळीवर एका हातानं लोंबकळणारा पोरगा. सगळे बसले की तो पत्र्यावर दोन थापा मारायचा आणि अण्णा गिअर टाकायचे. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. या सगळ्या धंद्याची भाषा हाताची होती. बांधावरून कुणी हात केला, की तो माणूस रस्त्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज घेऊन अण्णा गाडी सोडायची की थांबवायची ते ठरवायचे. म्हातारी असेल तर थांबायचेच. तळहात खाली दाबत केलेला हात म्हणजे पुढं काहीतरी आहे, सावकाश जा. दोन बोटं फिरवली की परत फिर, दरड आली आहे. केळघर घाटात चढणारी गाडी दिसली की उतरणाऱ्यानं कडेला घ्यायचं, हा नियम पुस्तकातही आहे. पण कडेला घेतल्यावर खिडकीतून हात काढून 'या' म्हणायचं आणि चढणाऱ्यानं जाता जाता बोटं वर करायची, हे कुठल्या पुस्तकात नाही. लहानपणी मी पुढच्या सीटवर बसून हे हात मोजायची. साताऱ्यापासून गावापर्यंत शंभराच्या वर व्हायचे.

मुलाशी नंतर बऱ्याचदा बोलणं झालं. त्याचा हा अभ्यासाचा विषय नाही, पण त्या गाड्यांनी त्याला वेड लावलं आहे. तो सांगतो, की टपावरच्या गोल डब्यात लायडार असतो. तो चहूकडे लेझरचे किरण सोडतो, ते आदळून परत यायला लागलेल्या वेळावरून प्रत्येक वस्तूचं अंतर काढतो. शिवाय रडार, शिवाय कॅमेरे. लायडार स्वतःचा उजेड स्वतः नेतो, त्यामुळं रात्र असो की दिवस, त्याला फरक पडत नाही. हे ऐकताना मला कारखान्यांच्या हंगामातले उसाचे ट्रॅक्टर आठवले. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, उसाचे शेंडे बाहेर आलेले. आपल्याला तो ट्रॅक्टर दिसतो तेव्हा फार जवळ आलेला असतो. त्या गाडीला तो लांबूनच दिसेल. या जिल्ह्यातली किती घरं अशा ट्रॉल्यांनी उजाड केली, ते इथं कुणाला सांगायला नको. त्या एका गोष्टीसाठीसुद्धा ही गाडी यावी असं मला मनापासून वाटलं.

तिला पोलिसाचा हात कळतो का, हेही मी विचारलं. चौकात उभ्या माणसाचे इशारे आणि सायकलवाल्यानं वळायला काढलेला हात ओळखायला तिला शिकवलं आहे, असं तो म्हणाला. म्हणजे हात कळतो. पण आमच्याकडं ट्रक बंद पडला की मागं चार धोंडे मांडतात आणि निरगुडीची फांदी तोडून टाकतात. धोंडा दिसला म्हणून गाडी थांबेल, यात मला शंका नाही. मात्र वळणाच्या अलीकडं नुसती फांदी पडलेली असेल, तर ती वाऱ्यानं मोडून पडली आहे की कुणी मुद्दाम टाकली आहे, हे देठ बघून अण्णा सांगायचे. कोयत्यानं तोडलेली असेल तर पुढं माणूस अडकला आहे. आणि मग आमचं धुकं, आमचा पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. दाट धुक्यात आणि मुसळधार पावसात लायडारचे किरणही विखुरतात, हे मुलानंच सांगितलं. या गाड्या मोठ्या झाल्या त्या फिनिक्सच्या कोरड्या उन्हात.

अण्णांची गाडी गेली त्याला आता दोन वर्षं होतील. वडाप कधीच विकलं होतं, पण दाराशी एक जुनी मारुती होती आणि तिच्यावर ते गावी जायचे, एकटे, मनाला येईल तेव्हा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसतं, कडांचं गेलं आहे, नळीतून बघितल्यासारखं. गाडी चालवायची नाही, म्हणाले. अण्णांनी ऐकून घेतलं, आणि दोन दिवसांनी पहाटे मला शेडचं दार वाजल्याचा आवाज आला. मी उठून गेले तेव्हा ते गाडीत बसले होते. चावी लावलेली नव्हती. दोन्ही हात स्टीअरिंगवर, समोर बंद दार. मी काही न बोलता परत आले. सकाळी चावी तांदळाच्या डब्यात दडवली, आणि दुपारी मला दिसलं, की त्यांनी परवाना काढून देवघरात ठेवला होता. चावी दडवल्याची लाज मला आजही वाटते.

तेव्हापासून ते विचारतात, "रविवारी सवड हाय का गं तुला?"

एवढंच. ज्या माणसानं अख्ख्या खोऱ्याला साताऱ्याच्या बाजारात, सिव्हिलला, मुंबईच्या गाडीला नेऊन सोडलं, ज्याच्या दारात रात्री दोन वाजता बाळंतपणासाठी लोक यायचे, त्यानं स्वतःचं शेत बघायला लेकीला सवड विचारायची. सवड असतेच असं नाही. नाही म्हटलं की "असू दे, असू दे" म्हणतात आणि लगेच दुसरा विषय काढतात. त्या व्हिडिओतली रिकामी सीट बघताना माझ्या मनात पहिली आली ती हीच गोष्ट. अशी गाडी दाराशी असती तर अण्णा एकटे बसले असते, मेढ्याला चहाला उतरले असते, बांधावर बसून मनसोक्त बिडी ओढून अंधार पडल्यावर घरी आले असते. कुणाला विचारायला लागलं नसतं. तिकडं अंध माणसं या गाड्यांतून एकटी फिरतात, असं मुलगा सांगतो तेव्हा माझ्या घशाशी येतं.

आणि ती रात्र. खरं तर पहाट. १९९६ चा मे महिना, लग्नसराईचा. अण्णा सलग दोन रात्री वऱ्हाडं वाहत होते. तिसऱ्या पहाटे रिकामी गाडी घेऊन परत येताना त्यांना डुलकी लागली. किती वेळ, ते त्यांनाही सांगता येत नाही. समोरून सायकलवर दुधाचे कॅन अडकवून एक तरुण येत होता. अण्णा सांगतात, की आवाज आधी आला, पत्र्याचा, आणि डोळे उघडले तेव्हा डांबरावर दूध पसरत होतं. त्यांनी त्याला उचलून त्याच गाडीत घातलं आणि सिव्हिलला आणलं. तो वाचला, पण उजवा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. पोलिसांना अण्णांनी स्वतःच सांगितलं, मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं अंगणात उभं करून तळतळाट दिले आणि ते खाली मान घालून ऐकत राहिले, आत या म्हणेपर्यंत. ते तिसऱ्या दिवशी म्हटलं गेलं. पुढं वडाप विकेपर्यंत त्या घरचे दुधाचे कॅन रोज सकाळी अण्णांच्या टपावरून साताऱ्याला आले. पैसे ना त्यांनी विचारले ना यांनी घेतले. तो माणूस चार वर्षांपूर्वी गेला तेव्हा खांदा द्यायला अण्णा होते, आणि ते कुणाला वावगं वाटलं नाही.

यंत्राला डुलकी लागत नाही. या एका वाक्यापुढं माझे बरेचसे आक्षेप गळून पडतात. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, सरकारी आकडा आहे, ताशी १९. त्यात पेंगणारे आहेत, प्यालेले आहेत, फोनवर बोलणारे आहेत, आणि सगळ्यात जास्त नुसते घाईतले आहेत. तिकडं वेमो या विनाचालक टॅक्स्यांच्या कंपनीच्या गाड्यांनी चालकाशिवाय केलेल्या सुमारे ४ कोटी किलोमीटरचे विमादावे स्विस री या विमा कंपनीबरोबर तपासले गेले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष आला, की माणसानं चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी आहेत. अभ्यासात कंपनी स्वतः आहे आणि रस्ते तिकडचे आहेत, हे धरूनही हा आकडा मला झटकून टाकता येत नाही. त्या पहाटे ट्रॅक्स स्वतः चालत असती, तर एक गुडघा वाकत राहिला असता. अण्णांसमोर मी हे कधी बोलले नाही. पण एकदा तेच म्हणाले, "झोपत न्हाय म्हंजे लई झालं."

मात्र मुलाच्याच गावात, टेंपीत, १८ मार्च २०१८ च्या रात्री जे झालं ते मी विसरू शकत नाही. उबरची एक गाडी चाचणीसाठी स्वतः चालत होती. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीला ती धडकेच्या पाचेक सेकंद आधीच दिसली होती. पण ही अनोळखी वस्तू, की वाहन, की सायकल, हे तिला ठरवता येईना. दर वेळी नवं नाव द्यायची आणि नव्यानं अंदाज बांधायची. जिथं पट्टे नाहीत तिथून माणूस रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीत धरलेलंच नव्हतं. पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडणारी माणसं मी साताऱ्यात राजवाड्यापाशीही पाहिलेली नाहीत. लक्ष ठेवायला सीटवर बसवलेली व्यक्ती फोनवर कार्यक्रम बघत होती. बाई गेली. कंपनीवर फौजदारी दायित्व नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये त्या सीटवरच्या व्यक्तीनं गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत, क्रूझ कंपनीच्या रिकाम्या गाडीपुढं एक बाई येऊन पडली. तिला आधी दुसऱ्या गाडीनं उडवलं होतं. क्रूझची गाडी तिला धडकून थांबली, आणि मग रस्ता अडू नये म्हणून कडेला निघाली. बाई खाली अडकलेली आहे हे तिला कळलं नाही. सुमारे २० फूट फरफटत नेलं.

वाचताना माझ्या डोळ्यांपुढं सारखं ते अंगण येत होतं. तिथं कोण जाऊन उभं राहिलं असेल? विम्याचा धनादेश जातो, वकिलाचं पत्र जातं. मला यंत्राची चीड नाही, ते आलं तर माझ्या दारात पहिलं यावं. पण रस्त्यावर येण्याआधी एक गोष्ट कायद्यात ठरलेली असावी, की अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्या घरी कोण जाणार, कुणाच्या नावावर ती चूक लिहिली जाणार. रिकाम्या सीटवर ती लिहिता येत नाही.

मेढ्याच्या स्टँडवर वडापवाल्यांशी बोलले, तर त्यांना हे सगळं फार लांबचं वाटतं. गडकरी अशा गाड्या भारतात येऊ देणार नाहीत, ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल, हे त्यांनी ऐकलं आहे. मंत्र्यांनी तसं जाहीरपणे सांगितलंही आहे, आणि ती काळजी मला खोटी वाटत नाही. अण्णांच्या ट्रॅक्सवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. पण भोपाळमध्ये स्वायत्त रोबोट्स नावाची कंपनी बोलेरो घेऊन आपल्याच गर्दीत, पट्टे नसलेल्या रस्त्यांवर गाडीला चालायला शिकवते आहे, असं सांगितल्यावर एक तरुण पोरगा हातातला चहा तसाच धरून म्हणाला, "बोलेरो? मग ईल इकडं पन." त्याच्या गाडीचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत. कुणी हसलं नाही.

खोळवाल्या माणसाचं काय झालं ते मला कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी त्याच ठिकाणी गाडी थांबवून टपरीवर विचारलं. त्या दिवशी पावसामुळं टपरी लवकर बंद झाली होती. त्याच्या पायाला लागलं होतं का, की नुसता भिजून पाय हलवत होता? त्याला साताऱ्याला जायचं होतं, की पुढं काही आहे म्हणून तो मला थांबवत होता? मला सगळं दिसत होतं, डोळे शाबूत होते, झोप आलेली नव्हती. चालकाच्या सीटवर माणूस बसलेलं होतं.

परवाच्या रविवारी अण्णांना घेऊन पुन्हा गेले. पाऊस उघडला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेरडा फुलला होता. परत येताना कण्हेरच्या अलीकडं दोन मुलींनी हात केला. शनिवार-रविवारच्या कुठल्याशा जादा तासाहून येत असाव्यात, पाठीवर दप्तरं, हातात छत्र्या. मी थांबले. त्या मागे बसल्या, आणि गाडीत ओल्या कापडी दप्तरांचा वास आला. अण्णा वळले. कडेचं दिसत नाही म्हणून त्यांना सगळं अंग फिरवावं लागतं. "कुनाची गं तू?" मुलीनं बापाचं नाव सांगितलं. "त्येच्या बापाचं?" तिनं आजोबांचं सांगितलं. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आजीला मी सिव्हिलला नेलीया. तुझा बाप झाला त्या रातीला." मुलगी मोठ्यांदा हसली, मग लाजली. तिची मैत्रीण तिला कोपरानं ढोसत राहिली.

फाट्यावर दोघी उतरल्या. दार नीट लागलं नाही म्हणून एकीनं परत येऊन ते ओढून घेतलं. मी आरशात बघत होते, त्या रस्ता ओलांडून जाताहेत का ते. अण्णांनी खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

मी गिअर टाकला.